खासगीपणाचा हक्क कुठवर? ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांची सात पत्रं

खासगीपणाच्या हक्काबद्दल आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना आमचे वकील-सल्लागार इथे उत्तरं देत आहेत. विषय लक्षात घेऊन पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. राज्यघटनेत ‘खासगीपणा’ हा शब्दच सापडत नाही. मग तो मूलभूत हक्क कसा? (कोपरखैरणे)

शब्द नाही, हे बरोबर आहे. हा हक्क कलम २१ मधल्या ‘जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य’ या शब्दांतून निघतो. १९५४चा एम. पी. शर्मा खटला आठ न्यायमूर्तींनी आणि १९६२चा खडकसिंग खटला सहा न्यायमूर्तींनी निकाली काढला होता. त्या दोन निकालांच्या आधारावर ‘असा हक्कच नाही’ असा युक्तिवाद सरकार आधार प्रकरणापर्यंत करत होतं. तो प्रश्न मिटवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचं नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात त्यांनी एकमताने हा मूलभूत हक्क मानला. आणीबाणीत जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयात दाद मागता येत नाही, असं म्हणणारा एडीएम जबलपूरचा निकालही याच निकालाने मोडीत काढला. १९७६ मध्ये त्या निकालाच्या बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते आणि २०१७चं मुख्य निकालपत्र त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं.

परीक्षेसाठी आणि आयुष्यासाठीही लक्षात ठेवा: हा हक्क अमर्याद नाही. सरकारला त्यात शिरायचं असेल तर आधी त्याला परवानगी देणारा कायदा हवा, मग त्यामागे रास्त हेतू हवा आणि शिवाय घेतलेली माहिती त्या हेतूच्या प्रमाणात हवी. पाणीबिलावरचं नाव बदलायला महापालिकेने घराचा पुरावा मागितला, तर ते रास्त आहे. त्याच अर्जासोबत घरातल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे मागितले, तर हेतू चांगला असूनही प्रमाण सुटलं. बहुतेक खटले या तिसऱ्या मुद्द्यावर लढले जातात.

समोरच्या फ्लॅटने दारावर कॅमेरा लावला आहे. आमचं दार उघडलं की हॉल थेट दिसतो, आवाजही टिपला जातो. ‘माझी भिंत, माझा कॅमेरा’ असं उत्तर मिळतं. पोलिसांत जावं का? (कासारवडवली, घोडबंदर रोड)

एवढ्यावर पोलिसांत जाऊ नका, पदरी निराशा येईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई शरीराच्या खासगी भागाचं चित्रण करण्यापुरतं आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीचं खासगी कृती करतानाचं चित्रण गुन्हा ठरवतं. कॅमेऱ्यात बेडरूम किंवा बाथरूमची खिडकी येत असेल, किंवा घरातल्या एखाद्या स्त्रीवर सतत पाळत ठेवली जात असेल (कलम ७८), तर मात्र एक दिवसही थांबू नका. नुसतं दार आणि हॉल दिसत असेल तर गुन्हा सहसा बसत नाही, पण उपाय आहेत.

पहिला उपाय सोसायटीकडे आहे. दोन दारांमधला पॅसेज कोणाच्याही मालकीचा नसतो, तो सामाईक असतो. तिथे काय लावायचं आणि ते कुठे वळवायचं हे समितीने ठरवायचं असतं. सचिवांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जासोबत तीन गोष्टी जोडा: तुमच्या दारातून काढलेला कॅमेऱ्याचा फोटो, दोन दारांमधलं टेपने मोजलेलं अंतर आणि कॅमेऱ्याचं मॉडेल. मॉडेल महत्त्वाचं, कारण घरगुती कॅमेऱ्यात बहुधा २.८ मिमीची लेन्स असते आणि तिचा कोन साधारण शंभर अंशांचा असतो. सहा फुटी पॅसेजमध्ये ती समोरचं दार टिपणारच. ‘मी तुमच्याकडे वळवलेलाच नाही’ हे शेजाऱ्याचं म्हणणं प्रामाणिक असू शकतं, तरीही तुमचा हॉल दिसत असतो.

म्हणून मागणी ‘कॅमेरा काढा’ अशी ठेवू नका. चोरीची भीती त्यांनाही आहे आणि ती खोटी नाही. मागणी नेमकी करा. कॅमेरा चौकटीच्या वर घेऊन खाली वळवावा, म्हणजे त्यांचा उंबरठा आणि पायपुसणं दिसेल. मायक्रोफोन बंद करावा. सेटिंगमधला ‘प्रायव्हसी मास्क’ वापरून तुमच्या दारावर काळा चौकोन टाकावा. इथे एक चूक नेहमी होते: काही यंत्रांत मास्क फक्त थेट चित्रावर दिसतो, साठवलेल्या चित्रणात दार उघडंच असतं. म्हणून समितीच्या सदस्यासमोर मागचं चित्रण लावून बघा. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) रीसेट झाला की मास्क पुसला जातो. ठरावात दर सहा महिन्यांनी तपासणी लिहून घ्या.

सोसायटीने स्वतः लावलेल्या कॅमेऱ्यांसाठीही सर्वसाधारण सभेत ठराव हवा: चित्रण किती दिवस ठेवायचं, कोण बघणार, प्रत कोणाला द्यायची. लिफ्टमधलं चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणारी समिती स्वतःच अडचणीत येऊ शकते. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू नाही, त्यामुळे शेजाऱ्याविरुद्ध तो कामाचा नाही. सोसायटी मात्र घरगुती या व्याख्येत बसत नाही. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतील. गेटवर पाहुण्यांचे फोटो आणि मोबाईल नंबर घेणाऱ्या सोसायट्यांनी तयारी आत्तापासून केलेली बरी.

समिती हलली नाही, तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा लावता येतो. खासगीपणाचा दिवाणी विचार आपल्याकडे नवा नाही. १८८२च्या ईझमेंट कायद्याच्या कलम १८ मध्येच, गावच्या रूढीमुळे शेजाऱ्याच्या खासगीपणात डोकावणारी नवी खिडकी बसवता येत नाही, असं उदाहरण दिलेलं आहे. घराच्या आत एकत्र राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवू नयेत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. पॅसेजला तो निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही. तुमचा हॉल टिपला जात असेल, तर मात्र त्याचा आधार घेता येईल.

पाम बीच रोडवर नाकाबंदीत माझ्या मुलाला थांबवलं. लायसन्स डिजिलॉकरवर होतं म्हणून त्याने फोन पुढे केला, तर फोन हातात घेऊन व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघितलं. हा अधिकार पोलिसांना आहे का? (नेरूळ)

वाहन चालवणाऱ्याने परवाना आणि गाडीची कागदपत्रं दाखवायची, एवढं मोटार वाहन कायद्याचं कलम १३० सांगतं. फोनमधले संदेश त्यात येत नाहीत. कोणताही गुन्हा नोंदलेला नसताना आणि संशयाचं ठोस कारण नसताना रस्त्यावर चॅट वाचण्याला कायद्याचा आधार दाखवता येणं कठीण आहे. पुट्टस्वामी निकालाची पहिलीच अट तिथे तुटते.

मर्यादा कुठे सुरू होते तेही स्पष्ट समजून घ्या. अटक झाली तर अंगझडतीत फोन जप्त होऊ शकतो. तपास चालू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश देऊन फोन हजर करायला सांगता येतं. वॉरंटशिवाय झडती घ्यायची झाली तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने आधी कारणं लिहून काढायची असतात आणि ती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असतात. झडती-जप्तीचं दृक्-श्राव्य चित्रण करणं कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे. अमली पदार्थांचा संशय असेल तर अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्या असं सांगण्याचा हक्क अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० ने दिला आहे. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. आरोपी असलेल्या माणसाने वकिलाशी बोलल्याशिवाय तो सांगू नये, हा आमचा सल्ला.

नाक्यावर करायचं ते असं. डिजिलॉकर उघडून फोन स्वतःच्या हातात धरूनच दाखवावा. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची आणि आयफोनमध्ये गाइडेड अ‍ॅक्सेसची सोय आहे. ती चालू केली की पासवर्डशिवाय दुसरं अ‍ॅप उघडत नाही. फोन मागितला तर ‘साहेब, कोणत्या कलमाखाली ते लेखी द्या, मी सहकार्य करतो’ एवढंच शांतपणे म्हणावं. हिसकाहिसकी अजिबात नको. सरकारी कामात अडथळा आणल्याचं कलम लागलं की मूळ तक्रार बाजूला राहते आणि मुलगाच आरोपी होतो. नाव, बिल्ला क्रमांक, जागा आणि वेळ घरी पोचायच्या आत लिहून ठेवावी. तक्रार आधी वरिष्ठ निरीक्षकांकडे, मग परिमंडळाच्या उपायुक्तांकडे आणि तिथेही दाद न लागल्यास बेलापूरला आयुक्तालयात करावी. शेवटचा मार्ग राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिकेचा आहे.

फोन जप्त झालाच तर पंचनाम्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक आहे का ते बघा. फोनवर \*#०६# दाबलं की पंधरा आकडी क्रमांक दिसतो, तो आजच वहीत लिहून ठेवा, कारण फोन गेल्यावर दाबता येणार नाही. फोन बंद पाकिटात सील केला का, पंचनाम्याच्या कोऱ्या जागा रेघ मारून बंद केल्या का, हे बघितल्याशिवाय सही करू नका. फोन परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करावा लागतो.

जिम, क्लास, हॉटेल, सगळीकडे आधारची झेरॉक्स मागतात. द्यावीच लागते का? (कळवा)

खासगी संस्थांना बहुतेक ठिकाणी द्यावी लागत नाही. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने आधार कायदा वैध ठरवला, पण खासगी कंपन्यांना आधार पडताळणीची मुभा देणारा कलम ५७चा भाग रद्द केला. सरकारी अनुदानाच्या योजना आणि पॅन-जोडणीला आधार लागतं. बँक आणि सिमकार्डसाठी २०१९च्या दुरुस्तीने ते ऐच्छिक ठेवलं आहे. हॉटेलला ओळखपत्र हवं असतं, आधारच पाहिजे असं नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा.

आधारच द्यायचं असेल तर मास्क केलेलं द्या. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून प्रवेश करा, डाउनलोड निवडा आणि मास्कचा पर्याय टिक करायला विसरू नका. टिक राहून गेली की पूर्ण क्रमांकाची प्रत उतरते, आणि घाईत हेच होतं. मास्क केलेल्या प्रतीवर पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. कागदी प्रतीवर मजकुरावरून आडवं लिहा: ‘केवळ अमुक कामासाठी’, तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल पाठवली असेल तर प्रिंट हातात आल्यावर काउंटरवरच थांबा आणि दुकानदाराच्या संगणकावरून ती पुसून घ्या, डाउनलोडच्या फोल्डरमधूनसुद्धा. तिथे शंभर अनोळखी लोकांची आधारकार्डं पडलेली असतात, हे तुम्हाला स्क्रीनवर दिसेलच.

बोटांचे ठसेही लॉक करून ठेवा. आधार अ‍ॅपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे. ते लावलं की तुमच्या ठशाची नक्कल करून बँकेतून पैसे काढणाऱ्याचा व्यवहार अडतो. मात्र घर भाड्याने देता-घेताना लिव्ह अँड लायसन्सची ऑनलाइन नोंदणी अंगठ्यावर होते. एजंट यंत्र घेऊन घरी येण्याआधी लॉक तात्पुरतं उघडा, नाहीतर ठसा जुळत नाही आणि यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे तपासलं गेलं, त्याचा इतिहासही त्याच संकेतस्थळावर दिसतो.

मोबाईल अ‍ॅपवरून बारा हजारांचं कर्ज घेतलं. दोन हप्ते थकले तर माझ्या मामांना आणि ऑफिसातल्यांना फोन जात आहेत. (ऐरोली)

कर्ज फेडायचं आहे, हे आधी मान्य करूया. पण थकबाकी झाली म्हणून तुमची बेअब्रू करायचा परवाना कोणाला मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार अशा अ‍ॅपला तुमची संपर्क यादी, कॉलची नोंद आणि फोटो यांना हात लावता येत नाही. कॅमेरा किंवा लोकेशनची परवानगी खातं उघडताना एकदाच, तुमच्या संमतीने घेता येते. वसुलीचा फोन सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर करता येत नाही.

मामांच्या फोनवरच्या कॉलचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जमवा. अ‍ॅपच्या सगळ्या परवानग्या काढून टाका, पण अ‍ॅप लगेच पुसू नका, कर्जाचा करार त्यातच असतो. करारावर ज्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं नाव आहे तिच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार होते, तिला फी नाही. करारावर कोणत्याच नोंदणीकृत संस्थेचं नाव नसेल किंवा तुमचे फोटो बदलून धमकावत असतील, तर सरळ राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या हेल्पलाइनवर नोंद करा.

घटस्फोटाचा दावा चालू आहे. पत्नीच्या मोबाईलचा सीडीआर (कॉलच्या नोंदींचा तपशील) काढून देतो असं एक खासगी गुप्तहेर सांगतो. शिवाय आमच्या संभाषणांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. कोर्टात चालेल का? (नौपाडा, ठाणे)

त्या गुप्तहेराला आजच नकार कळवा. सीडीआर कंपनीकडून मागवण्याचा अधिकार तपास करणाऱ्या पोलिसांना आहे, तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मार्फत, आणि न्यायालयाला आहे. चोरून मिळवलेल्या सीडीआरचं मोठं प्रकरण २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच उघड केलं होतं, त्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली. विकत घेणाराही त्यात ओढला जातो. पत्नीच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकणं हाही माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. सीडीआर खरोखर गरजेचा असेल तर कौटुंबिक न्यायालयात अर्ज करून तो मागवता येतो. कोणत्या तारखांचा आणि कोणता मुद्दा सिद्ध करायला, हे नेमकं लिहा. ‘गेल्या पाच वर्षांचा सगळा’ अशी मागणी फेटाळली जाते.

तुमचं स्वतःचं, तुम्ही दोघं बोलत असतानाचं रेकॉर्डिंग ही वेगळी गोष्ट. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीच्या वादात असं गुप्त रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घेता येतं असं ठरवलं. न्याय्य सुनावणीचा हक्क तिथे खासगीपणापेक्षा वरचढ ठरला. मुळात १९७२च्या मलकानी खटल्यापासून, पुरावा कसा मिळवला एवढ्यावरून तो बाद होत नाही, हीच आपली रीत आहे. सरकारने केलेल्या फोन टॅपिंगबाबत मात्र मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कडक भूमिका घेतली. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नसताना दिलेले आदेश रद्द केले आणि टिपलेली संभाषणं नष्ट करायला सांगितली.

रेकॉर्डिंग बाद होतं ते वेगळ्याच कारणाने. लोक हवा तेवढा तुकडा कापतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून वकिलांना पाठवतात आणि मूळ फोन विकून टाकतात. मूळ फाइल ज्या फोनमध्ये झाली तिथेच राहू द्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एकावर फोन वापरणाऱ्याची सही आणि दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-सांकेतांक) लिहावी लागते. तुकडा कापलात तर हॅश बदलते आणि समोरच्या वकिलाचं काम सोपं होतं. आणि रेकॉर्डिंग न्यायालयाबाहेर, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरवू नका. पुरावा म्हणून मिळालेली सवलत तिथे लागू होत नाही.

एका अधिकाऱ्याने दिलेल्या बांधकाम परवान्यांची माहिती मागितली. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. खासगीपणाच्या नावाखाली हे चालणार का? (खारघर)

हा प्रश्न आम्हाला फार जवळचा वाटतो, कारण नागरिकांच्या संरक्षणासाठी मिळालेला हक्क कारभार झाकायला वापरला जाण्याची भीती खरी आहे. नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे त्या कलमातच बघायचं होतं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलं आहे. पण कलम ८(२) शाबूत आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते.

म्हणून अर्जाची भाषा बदला. ‘अमुक साहेबांनी दिलेले परवाने’ असं न लिहिता ‘अमुक प्रभागात १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात दिलेले बांधकाम परवाने, भूखंड क्रमांक, अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख, मंजूर क्षेत्रफळ आणि सही करणाऱ्याचं पदनाम’ असं मागा. पदाने केलेलं काम माणसाची खासगी बाब होत नाही. पुढे एका वाक्यात जनहित लिहा: धोकादायक बांधकामांमुळे रहिवाशांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, म्हणून कलम ८(२). महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लावा. नकाराच्या पत्रावर तारीख नसेल तर पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा, मुदत त्यावरून सिद्ध करता येते. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे होतं. तुमच्या आधीच्या अर्जाची मुदत अजून संपली नसेल, तर तो सोडून देऊ नका. अपील चालू ठेवा आणि नव्या भाषेतला अर्ज वेगळा टाका.